चष्म्याचा नंबर

वेस अँडरसनच्या ‘द दार्जिलिंग लिमिटेड’ (२००७) या चित्रपटात एका सकाळी आगगाडी वाट चुकते. रुळांवरची गाडी चुकेलच कशी, असा प्रश्न तिथेच विचारला जातो. आपण नेमके कुठे आहोत ते अजून सापडलेलं नाही, असं उत्तर येतं. थोरला भाऊ फ्रान्सिस ते वाक्य लगेच झेलतो. त्याला त्यात गूढ अर्थ दिसतो. मित्रहो, प्रतीकं शोधायचं आपलं काम इथे पात्रंच करून टाकतात. म्हणून या चित्रपटात जे प्रतीक स्वतःहून पुढे येतं, त्याच्यापाशी मी फार रेंगाळत नाही.

वडिलांच्या बॅगांचंच घ्या. वडील जाऊन वर्ष झालेलं. तिघे भाऊ राजस्थानातून प्रवास करताना त्यांच्या आद्याक्षरांच्या बॅगा सगळीकडे वागवतात, आणि शेवटी धावती गाडी पकडताना त्या टाकून देतात. ओझं उतरलं. हे सगळ्यांना कळतं.

मला जास्त बोलतो तो मधल्या भावाचा, पीटरचा चष्मा. चष्मा वडिलांचा, काचाही त्यांच्याच नंबरच्या. पीटरला त्यातून नीट दिसत नाही, डोकं दुखतं, तरी तो काढत नाही. गेलेल्या माणसाच्या डोळ्यांनी जग पाहायचा हट्ट आणि त्याची रोजची डोकेदुखी! ज्यांनी घरातल्या कुणाचं घड्याळ किंवा स्वेटर असं अंगावर वागवलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यात पीटर स्वतः बाप होणार आहे, आणि त्या बातमीपासून पळून इथे आलाय.

हाच पीटर नदीत उडी मारतो. तीन मुलं प्रवाहात सापडतात, तिघे भाऊ धावतात, दोन मुलं वाचतात. ‘माझा मला वाचवता आला नाही,’ असं पीटर म्हणतो. त्या ‘माझा’ शब्दाकडे लक्ष द्या. काही क्षणांपूर्वी त्या मुलाशी त्याचं काही नातं नव्हतं.

इथे माझी एक तक्रारही आहे. मुलाची अंत्ययात्रा चालू असतानाच चित्रपट भावांच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या दिवसात शिरतो. तेव्हा ते वडिलांची मोटार आणायला गॅरेजात अडकले होते. जोडणी सुंदर आहे, पण तिच्यासाठी गावातल्या एका मुलाचा जीव खर्ची पडतो आणि त्याच्या घराची गोष्ट आपल्याला जवळजवळ मिळतच नाही. त्या मुलाच्या बापाच्या भूमिकेत इरफान खान आहेत. जवळपास न बोलता ते आपल्या चेहऱ्यावर ते दुःख एवढं पेलतात की चित्रपटाने न दिलेली जागा ते स्वतः मिळवतात. मी दर वेळी तिथे थांबतो.

आता फ्रान्सिस. तो भावांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवतो, वेळापत्रक छापून घेतो, जेवणाच्या टेबलावर दुसऱ्यांची ऑर्डरही आपणच देतो. बराच वेळ आपल्याला तो नुसता हुकूमशहा वाटतो. मग हिमालयातल्या मठात त्यांची आई भेटते, आणि तीही मुलांना न विचारता त्यांचा नाश्ता ठरवते. तेच शब्द, तोच सूर! नवऱ्याच्या अंत्यविधीलाही न आलेली ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघून गेलेली असते. तेव्हा उमगतं की थोरला इतके दिवस आईची रिकामी जागा भरत होता, आणि त्याला ती एवढ्या एकाच पद्धतीने भरता येत होती. हे कळल्यावर आधीचे सगळे प्रसंग पुन्हा पाहावेसे वाटतात.

म्हणूनच माझ्या मते चित्रपटाचा खरा शेवट बॅगा टाकल्यानंतर येतो. नव्या गाडीत बसल्यावर फ्रान्सिस पासपोर्ट परत देऊ करतो. कुणी मागितलेले नसतात. आणि दोघे भाऊ म्हणतात, राहू दे तुझ्याकडेच.