लाल पट्टीनंतर पुढे काय? कुपोषण, खाती आणि एक बाळ

नमस्कार. ही पट्टी बघा.

(दंडाचा घेर मोजायची पट्टी कॅमेऱ्यासमोर)

अंगणवाडीत ही असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये गुंडाळायची. हिरवा रंग आला तर ठीक, पिवळा आला तर लक्ष ठेवायचं. आणि घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल आला, तर ते बाळ सॅम. तीव्र कुपोषित. साध्या आजारानंही त्याच्या जिवाला धोका असतो.

मोजायला काही क्षण पुरतात. अवघड आहे ते पुढचं.

मोजणारी सेविका महिला व बालविकास विभागाची. सिस्टर आणि आशाताई आरोग्य विभागाच्या. आदिवासी भागात गरोदर बाईला आणि बाळंतिणीला एक वेळचं गरम जेवण मिळतं, ती अमृत आहार योजना. पैसा आदिवासी विकास विभागाचा, पण जेवण अंगणवाडीमार्फत. घरातलं धान्य रेशनवर, म्हणजे पुरवठा विभाग. बाळ एकच, पण त्याची जबाबदारी चार दारांत वाटलेली. एका दारातली माहिती दुसऱ्या दारी वेळेत गेली नाही, तर लाल पट्टी नुसती रजिस्टरमध्ये राहते.

हे महाराष्ट्रानं फार आधी ओळखलं होतं. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. देशातलं अशा प्रकारचं पहिलं. सनदी अधिकारी व्ही. रमणी त्याचे पहिले महासंचालक. मिशनचा भर होता आरोग्य आणि बालविकास या दोन खात्यांना एकत्र बसवण्यावर, आणि गर्भधारणेपासून बाळाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये राज्यातली पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के. सगळं श्रेय मिशनला देता येणार नाही. पण दहा वर्षांत बारा टक्क्यांच्या आसपास घट ही मोठी गोष्ट आहे. आणि पुढच्या सर्वेक्षणात? ३५.२. गाडी थांबली. कोरोनाला दोष देता येत नाही, कारण महाराष्ट्रातली ही पाहणी २०१९ मध्येच झाली होती.

मला त्याहून जास्त टोचतो तो बायकांचा आकडा. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय याच शेवटच्या दोन सर्वेक्षणांमध्ये ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेला. आईच्याच अंगात रक्त नाही, तर बाळाचं वजन कुठून येणार?

केंद्रानंही २०१८ मध्ये, महिला दिनी, राजस्थानातल्या झुंझुनूहून पोषण अभियान सुरू केलं. हेतू हाच, सगळ्या खात्यांनी मिळून काम करायचं. खुजेपणा दरवर्षी दोन टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट होतं. देशाचा आकडा ३८.४ वरून ३५.५ वर आला, तोही दोन सर्वेक्षणांमधल्या साधारण चार वर्षांत. दिशा बरोबर, वेग अपुरा.

अडतं कुठे, ते सांगते. लाल पट्टीच्या बाळाला ताप, जुलाब असे त्रास असतील तर त्याला दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावं लागतं, आईसकट, साधारण दोन आठवडे. घरी दुसरं लेकरू, शेतात कापणी. म्हणून तिला बुडीत मजुरी द्यायची तरतूद आहे. ती वेळेवर हातात पडली नाही तर ती बाळाला घेऊन मधूनच घरी निघते. त्या आईला बेजबाबदार म्हणू नका.

दुसरं, स्थलांतर. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातं. गावातल्या सेविकेकडे नाव आहे, बाळ नाही. तिकडच्या अंगणवाडीत बाळ आहे, नाव नाही. हजार दिवसांतले पाच-सहा महिने असे जातात. हे नाव बाळाच्या मागोमाग जायला हवं, आणि ते गेलं का हे विचारायची जबाबदारी एका माणसावर हवी. समितीवर नाही, एका माणसावर.

तुमच्या गावात महिन्यातून एकदा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो. सेविका, सिस्टर आणि आशाताई त्या दिवशी एका जागी येतात. कधी तरी जा तिथे. वजनकाटा चालू आहे का बघा, आणि मागच्या महिन्यातल्या लाल मुलांचं पुढे काय झालं ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या ग्रामसभेत तोच प्रश्न लेखी द्या.