'बघतो' म्हणणारा ग्राहक आणि आपली झोप

नमस्कार मंडळी. विषय दिलाय छोटा धंदा आणि ताण, आणि येताना मला हळूच सांगण्यात आलंय की शेवटी दोन-चार श्वासाचे व्यायाम पण सांगा. ते चांगलेच असतात, जरूर करा, पण त्यासाठी मी योग्य माणूस नाही. मी हिशोबाच्या कामातला. लोक माझ्याकडे आकडे घेऊन येतात, आकडे बघून होतात, तरी माणूस उठत नाही, जरा वेळ इकडचं तिकडचं बोलतो आणि मग म्हणतो, झोपच लागत नाहीये हो हल्ली. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की माझं एक मत झालंय, पटलं तर घ्या. धंदेवाल्याला कामाचा ताण येतो तो कमीच, खरा ताण येतो काय होणार ते माहीत नसण्याचा. चौदा तास राबून माणूस घोरत झोपतो, पण एक पेमेंट येणार की नाही हे कळत नसेल तर तीन तास काम करूनही छताकडे बघत पडतो.

आता हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एक प्रयोग झाला, 2016 साली छापून आला. 45 जणांना कॉम्प्युटरवर एक गेम खेळायला दिला, दगड उचलायचे, दगडाखाली साप आहे की नाही ते आधी ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला विजेचा बारीक पण दुखेल असा झटका. घाम किती येतो, डोळ्याच्या बाहुल्या किती मोठ्या होतात हे सगळं मोजत होते. तर ताण सगळ्यात जास्त कधी होता? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नाही. शक्यता अर्धी-अर्धी असताना. म्हणजे नक्की बसणाऱ्या झटक्यापेक्षा बसेल की नाही बसणार यात माणसाचा जीव जास्त टांगणीला लागतो.

आता हे आपल्या उधारीला लावून बघा. एक ग्राहक सरळ सांगतो, या महिन्यात जमणार नाही, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला देतो. राग येतो, पण मग आपण कामाला लागतो, सप्लायरला फोन करतो, सोय बघतो. दुसरा म्हणतो "बघतो". हा बघतोवाला जास्त महागात पडतो, कारण त्याचे पैसे आपण मनात रोज एकदा जमा करतो आणि रोज एकदा वजा करतो. आणि गंमत म्हणजे बरेचदा त्याला फोन करायचं आपणच टाळत असतो, वाईट वाटेल, ग्राहक तुटेल, अजून दोन दिवस थांबू. म्हणजे ती अर्धी-अर्धी शक्यता आपणच सांभाळून ठेवलेली असते. फोन करा. तारीख मागा, सगळे जमत नसतील तर निम्मे कधी ते विचारा. "नाही" असं उत्तर आलं तरी चालेल, निदान उत्तर आलं.

पुढची गोष्ट, यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण ताणाचं सगळ्यात मोठं मूळ इथे असतं असं मला वाटतं. नफा आणि हातातले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे त्यात अडकतात. समजा तुम्ही 100 ला माल विकता, त्यातले 70 कच्च्या मालाला आणि मजुरीला आज द्यावे लागतात आणि ग्राहकाकडून 100 येतात साठ दिवसांनी. कागदावर 30 नफा. आता ऑर्डर दुप्पट झाली. लोक अभिनंदन करतायत, आणि तुम्हाला आज 140 उभे करायचेत, आधीचे 100 अजून आलेले नाहीत. धंदा वाढतोय आणि खात्यात खडखडाट, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही कारण बाहेरून सगळं उत्तम चाललेलं दिसतं. चांगले चाललेले धंदे पैशाअभावी बंद पडतात ते असे. अमेरिकेत जेपी मॉर्गन चेस या बँकेच्या संशोधन संस्थेने 2016 मध्ये जवळपास 6 लाख छोट्या धंद्यांची खाती तपासली, तर मधल्या धंद्याकडे, म्हणजे निम्मे याच्या वर निम्मे खाली अशा, येणारे पैसे थांबले तर फक्त 27 दिवस खर्च भागेल एवढीच शिल्लक होती. त्यामुळे तुमची शिल्लक कमी असेल तर तुम्ही काही जगावेगळे नाही आहात, एवढं तरी मनातून काढून टाका.

मग करायचं काय, तर तेरा आठवड्यांचा तक्ता. साधी वही चालेल. तेरा आठवडे म्हणजे तीन महिने, त्याच्या पुढचं दिसत नाही आणि त्याच्या आतलं बऱ्यापैकी दिसतं. वर आठवडे लिहा. प्रत्येक आठवड्याखाली सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, उरलेली शिल्लक, आणि ती उरलेली पुढच्या आठवड्यात वर चढवा. फक्त येणारे पैसे लिहिताना बिलावरची तारीख लिहू नका, तो ग्राहक खरोखर देतो ती लिहा, नेहमी वीस दिवस उशिरा देणारा यावेळी वेळेवर देणार नाहीये. आणि जाणाऱ्यात स्वतःचा पगार लिहा, हो, स्वतःचा, कमी का असेना पण ठरलेला, नाहीतर घरखर्च गल्ल्यातून जात राहतो आणि धंदा तोट्यात आहे की घर हेच कळत नाही. कर, हप्ते, स्टाफचे पगार, वर्षातून एकदाच येणारे खर्च, सगळं. दर सोमवारी अर्धा तास बसून हे पुढे सरकवायचं. पहिल्यांदा करताना पोटात गोळा येतो, कारण कुठल्यातरी आठवड्यात आकडा शून्याच्या खाली जातो. पण तो आठवडा आज दिसला म्हणजे सातव्या आठवड्याची अडचण सोडवायला सात आठवडे मिळाले. बँक, सप्लायर, घरमालक, हे सगळे आधी सांगणाऱ्याशी जितकं नीट बोलतात तितकं हप्ता चुकल्यावर बोलत नाहीत.

पैशाचं झालं. बाकीचा गुंता डोक्यातल्या अर्धवट कामांचा. त्याला कामावरून काढायचं का, ते मशीन घ्यायचं का, अमक्याला उत्तर द्यायचं राहिलं. 2011 मध्ये मॅसिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम मध्ये मध्ये डोकं वर काढतं, पण ते थांबवायला काम पूर्णच करावं लागतं असं नाही, कधी आणि कसं करणार याचा पक्का बेत केला तरी मन बरंचसं शांत होतं. झोपेचंही तसंच. 2018 च्या एका प्रयोगात 57 तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं, काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढची राहिलेली. राहिलेली लिहिणाऱ्यांना साधारण 9 मिनिटं लवकर झोप लागली, आणि जितकं बारकाईनं लिहिलं तितकं लवकर. मला वाटलं असतं उलटं होईल. म्हणून "वसुली" असं नुसतं लिहू नका, कोणाला, किती वाजता, काय विचारायचं ते लिहा.

झोप कमी करून धंदा वाढवणाऱ्यांबद्दल एकच सांगतो. 2003 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात लोकांना 14 दिवस रोज सहा तासच झोपू दिलं, तर शेवटी त्यांची लक्ष देण्याची क्षमता दोन रात्रीपर्यंत अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. आणि त्यांना स्वतःला ते फारसं जाणवत नव्हतं! आपण म्हणतो मला सहा तास पुरतात, ते म्हणणारा पण तोच सहा तास झोपलेला मेंदू असतो. किंमत ठरवणं, करारावर सही, स्टाफशी भांडण, हे रात्री उशिरा नको.

सुट्टीवर पण लोक भाषणं देतात, मी देणार नाही. आठवडाभर दुकान बंद ठेवणं सगळ्यांना जमत नाही. पण जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय, त्यांचं म्हणणं साधारण असं की कामावरून घरी येणं पुरत नाही, मनानं कामापासून सुटणं लागतं. आणि त्यासाठी नुसतं लोळणं हाच मार्ग नाही, काहीतरी नवीन शिकणं, ज्यात आपली प्रगती दिसते, त्यानंही थकवा भरून निघतो. तबला शिका, पोहायला शिका, काहीही, फक्त त्याचा धंदा करायचा विचार आणू नका. (हसू नका, एकाने खरंच विचारलं होतं.)

हे सगळं वही-पेनवाल्या ताणासाठी. पण दोन-तीन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक गेली, दारूशिवाय रात्र जात नाही, किंवा मी नसतो तर बरं झालं असतं असे विचार येतायत, तर तक्ता राहू द्या, डॉक्टरकडे जा. आणि मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, जवळच्या माणसाला सोबत घेऊन. छातीत दुखत असेल तर टेन्शनमुळे असेल म्हणून घरी बसू नका, ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आता प्रश्न. हां, ताई, बोला.

"घरी सांगायचं का हे सगळं? उगाच त्यांना पण ताण."

चांगला प्रश्न आहे. माझं उत्तर हो, पण कसं सांगता ते महत्त्वाचं. रात्री अकरा वाजता "आपलं काही खरं नाही" असं सांगितलं तर घरच्यांना तुमचीच अर्धी-अर्धी शक्यता दिली तुम्ही, आणि त्यांच्याकडे तर वही पण नाही. घरच्यांना न सांगितल्यानं काही कळत नाही असं समजू नका, तुमच्या चेहऱ्यावरून त्यांना कळतंच, फक्त आकडा कळत नाही म्हणून ते मोठा धरतात. दिवसा, जेवण झाल्यावर, तक्ता समोर ठेवा. हा आठवडा अवघड आहे, इतके कमी पडतायत, याला याला फोन केलाय, या तारखेला कळेल. मुलं मोठी असतील तर त्यांनाही बसवा. आणि भागीदार असेल तर त्याच्याआधी घरी सांगू नका, नाहीतर तो एक नवीन ताण सुरू होतो. पुढचा प्रश्न कोणाचा, मागे हात वर आहे, बोला.