मंडळाची रॅफल, हौजी आणि लायसन्स: ‘डोनेशन’ म्हटलं की सुटलो का?

[समोर टेबलावर लाल तिकिटांचा रोल]

नमस्कार मंडळी! गणपतीच्या मीटिंगा सुरू झाल्या की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. कमेंटमध्ये एकच प्रश्न यायला लागतो, “ताई, कार्यक्रमात रॅफल ठेवायची आहे, लायसन्स लागतं का?” मंडळाच्या बँक अकाउंटवर व्हिडिओ केला होता, त्याच्याखालीही रॅफलच. मोदकाच्या रेसिपीखालीसुद्धा एकाने विचारलंय!

तर आज तेच. रॅफल म्हणजे तिकिटं विकायची आणि सोडत काढून बक्षीस द्यायचं. अमेरिकेतली मराठी मंडळं, मराठी शाळा, देवळं, पालक संघटना, यांच्यासाठी. भारतातून बघताय त्यांनी हे तुमच्या सोसायटीच्या हौजीला लावू नका, तिकडचे कायदे वेगळे. आणि मी वकील नाही. काही वर्षं मंडळाची खजिनदार होते, त्यामुळे हे फॉर्म माझ्या हाताखालून गेलेत.

बेसिक भरभर उरकते. बक्षीस आहे, ते नशिबाने मिळतं, आणि भाग घ्यायला पैसे मोजावे लागतात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो जुगार. रॅफल, हौजी, फिफ्टी-फिफ्टी, कॅसिनो नाइट, सगळे त्यातच. धर्मादाय संस्थांना बहुतेक राज्यं यात मुभा देतात, पण आपापल्या अटींवर. हवाई आणि युटामध्ये ती मुभाच नाही. तिथल्यांनी व्हिडिओ बंद केला तरी चालेल, जाताना लाइक करा.

आता “आम्ही फाइव्ह-ओ-वन-सी-थ्री आहोत, आम्हाला काय लागतंय?” हे मी इतक्यांदा ऐकलंय ना! अहो, तो दर्जा देणारं पत्र आयआरएसचं आहे. इन्कम टॅक्सचं. तुमच्या संस्थेला टॅक्समाफी आहे आणि देणगीदाराला वजावट मिळते, एवढंच ते सांगतं. रॅफलला परवानगी देणं आयआरएसच्या हातातच नाही, ते राज्याचं काम. परवान्याच्या अर्जाला त्या पत्राची कॉपी जोडायला लागू शकते. म्हणजे ते पत्र रांगेत उभं राहण्यापुरतं.

मग परवाना देतं कोण? इथे प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. न्यू जर्सीत दोन पायऱ्या. आधी लीगलाइझ्ड गेम्स ऑफ चान्स कंट्रोल कमिशनकडे संस्थेची नोंदणी करून आयडेंटिफिकेशन नंबर घ्यायचा, मग म्युनिसिपल क्लार्ककडे लायसन्सचा अर्ज. पेनसिल्व्हेनियात काउंटी ट्रेझरर. मॅसॅच्युसेट्समध्ये सिटी किंवा टाउन क्लार्क, आणि संस्था तिथे किमान २ वर्षं चालू असलेली हवी. वर रॅफलच्या एकूण जमेवर ५ टक्के टॅक्स स्टेट लॉटरी कमिशनला. मिशिगनमध्ये तर लॉटरीवाल्यांचाच चॅरिटेबल गेमिंग विभाग आहे. इलिनॉयमध्ये गाव किंवा काउंटी. कॅलिफोर्नियात अ‍ॅटर्नी जनरलकडे नोंदणी. आणि टेक्सासमध्ये रॅफलला परमिटच नाही! ऐकून टेक्सासवाले लगेच नाचायला लागतात. थांबा जरा, तुमच्याकडे येतेच आहे.

न्यू जर्सीचं एक सांगून ठेवते. लायसन्स खेळ जिथे होणार त्या गावाचं लागतं, मंडळाचा पत्ता ज्या गावात आहे त्याचं नाही. माझ्या ओळखीच्या एका मंडळाने सगळं वेळेत केलं होतं. मग आयत्या वेळी शाळेचा हॉल गेला, दुसरा मिळाला, तोही छान, पार्किंग भरपूर. फक्त गाव बदललं. हातात लायसन्स होतं ते आधीच्या गावाचं. टेबलवर बक्षिसं मांडलेली, पैठणी, मिक्सर, एअर फ्रायर, आणि कमिटी कोपऱ्यात कुजबुजतेय. शेवटी रॅफल रद्द केली आणि बक्षिसं पुढच्या कार्यक्रमाला ठेवली. योग्यच केलं. तेव्हा हॉलचं पक्कं झाल्याशिवाय अर्ज टाकू नका, आणि हॉलचं लवकर पक्कं करा. काही गावांत हा विषय कौन्सिलच्या बैठकीत जातो आणि बैठक काही तुमच्या आरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे होत नाही.

बरं, आता मुख्य मुद्दा. आजचा व्हिडिओ खरं तर यासाठीच केलाय. “आम्ही तिकीट विकत नाही, आम्ही डोनेशन घेतो.”

[पॉज]

दर वर्षी कुणीतरी अगदी हळू आवाजात, गुपित सांगितल्यासारखं हे मला सांगतं. पोस्टरवर लिहायचं, “सजेस्टेड डोनेशन ५ डॉलर”, की झालं म्हणे. नाही होत! मी टेबलवर आले, ५ डॉलर दिले नाहीत, तर तुम्ही मला तिकीट देणार का? नाही देणार ना? मग ती किंमतच झाली. तुम्ही तिला डोनेशन म्हणा, दक्षिणा म्हणा, सेवा म्हणा.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ही वाट खरोखर आहे, पण ती कशी आहे ते ऐका. तिकिटं सगळ्यांना सरसकट वाटायची, पैसे न देणाऱ्यालाही त्याच अटींवर द्यायची, आणि सोडत कुणी पैसे दिले की नाही यावर अवलंबून ठेवायची नाही. मग नोंदणी लागत नाही. म्हणजे मी म्हटलं, “मला दहा तिकिटं द्या, पैसे देणार नाही,” तर हसतमुखाने दहा द्यायची. आहे तुमच्या खजिनदाराची तयारी? माझी नव्हती.

दुसऱ्या बाजूने बघा. याच मंडळात रॅफल झाल्यावर कुणीतरी मेल करतं, “आम्ही १०० डॉलरची तिकिटं घेतली, टॅक्ससाठी पावती मिळेल का?” कारण पोस्टरवर डोनेशन लिहिलं होतं ना! रॅफलच्या तिकिटाचे पैसे म्हणजे देणगी नव्हे, त्याला वजावट नाही. आयआरएसच्या नजरेत तुम्ही जिंकायची संधी विकत घेतली. खजिनदाराने पावती दिली की ती चुकीची, आणि नाही दिली की “पोस्टरवर तर तुम्हीच लिहिलंत” हे ऐकायचं. कमिटीतल्यांनो, पोस्टरवर सरळ “तिकीट ५ डॉलर” लिहा, निम्मी भांडणं मिटतील.

आणि तिसरी पळवाट, “रॅफलला वेगळे पैसे नाहीत, कार्यक्रमाच्या प्रवेशातच आहे.” एका दादांनी मागच्या व्हिडिओखाली चार परिच्छेद लिहून मला हे समजावलं. दादा, प्रेमाने सांगते. प्रवेशाला ३० डॉलर घेताय, आणि त्या प्रवेशाशिवाय सोडतीत नाव पडत नाही, तर पैसे घेतलेच की. अशा प्रवेशावरच्या सोडतीला, म्हणजे डोअर प्राइझला, काही राज्यं सूट देतात, बक्षिसाच्या किमतीची मर्यादा वगैरे घालून. पण ती सूट कायद्यात लिहिलेली असावी लागते, आपण आपल्या मनाने घ्यायची नसते. आपल्याला फक्त एवढं विचारायचं, खिशात हात न घालता जिंकता येतं का? नसेल येत, तर लायसन्सचा विषय आला.

झालं. आता हा रोल.

[रोल कॅमेऱ्याजवळ धरून एक जोडी फाडते]

पार्टी स्टोअरमधला. दोन तिकिटं जोडलेली, दोन्हीवर तोच नंबर, एकावर छापलंय “कीप धिस कूपन”. कॅलिफोर्नियात असं कागदी तिकीटच हवं. फाडता येणारा तुकडा, दोन्हीकडे एकच नंबर, आणि सोडत त्या तुकड्यांतूनच. तिथे हा रोल बरा चालेल. पण टेक्सासवाल्यांनो, तुमच्यासाठी थांबले होते ती गोष्ट हीच. परमिट नाही, पण तिकिटावर संस्थेचं नाव आणि पत्ता, तिकिटाची किंमत, आणि १० डॉलरच्या वरच्या प्रत्येक बक्षिसाचं थोडक्यात वर्णन छापलेलं लागतं. यावर काय छापलंय? नंबर. म्हणजे हा नुसता रोल तिथे निरुपयोगी. शिवाय संस्था आधीची ३ वर्षं अस्तित्वात हवी, आणि बक्षीस रोख देता येत नाही. परमिट नाही म्हणजे नियम नाहीत, असं नसतं हो.

रोख बक्षिसावरून फिफ्टी-फिफ्टी आलं. जमलेल्या पैशांतले अर्धे विजेत्याला, अर्धे मंडळाला. न्यू जर्सीत याचं लायसन्स मिळतं. टेक्सासमध्ये रोख चालत नाही, म्हणून मंडळाला हेही नाही. कॅलिफोर्नियात एकूण जमेतले किमान ९० टक्के धर्मादाय कामाला गेले पाहिजेत, मग अर्धे वाटून कसे टाकणार? “स्टेडियममध्ये तर चालू असतं!” हो, व्यावसायिक संघांच्या फाउंडेशनसाठी तिथे वेगळं कलम आहे. आपलं मंडळ अजून त्या लीगमध्ये नाही. आणि त्या ९० टक्क्यांमुळेच तिथे तिकिटांच्या जमेतून पैठणी विकत आणणं अवघड, ती कुणाकडून तरी भेट मिळवलेली बरी. स्पॉन्सरच्या मागे लागायचं काम ज्याच्याकडे असेल त्याला आधी सांगा.

आता व्हॉट्सअ‍ॅप. ग्रुपवर मेसेज येतो, “रॅफल तिकीट ५ डॉलर, झेल करा (म्हणजे बँकेतून ऑनलाइन पैसे पाठवा), नंबर पाठवते.” सोयीचं आहे, मान्य. पण कॅलिफोर्नियात इंटरनेटवर तिकीट विकायला सरळ बंदी आहे. जाहिरात करा, विकू नका. इतर राज्यांत काय ते बघावं लागेल. आणि त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे? दोन वर्षांपूर्वी डॅलसला गेलेलं कुटुंब अजून आहे, कुणाची बहीण अटलांटाला, कुणाची आई सध्या पुण्यात. तुमच्या राज्याचा परवाना तुमच्या राज्यापुरता. आत्याने हौसेने दहा तिकिटं घेतली म्हणून तो तिच्या राज्यात चालायला लागत नाही.

हौजीचं पटकन. क्लार्कच्या खिडकीवर हौजी म्हणू नका, बिंगो म्हणा. आणि बऱ्याच राज्यांत बिंगोचं लायसन्स रॅफलपेक्षा वेगळं असतं, एकात दुसरं भागत नाही. न्यू जर्सीत १८ वर्षांखालच्या मुलांना यात भागच घेता येत नाही. आपल्याकडे तर हौजीत पहिली लाइन मारायला चिल्लीपिल्लीच पुढे असतात. मुलांसाठी फुकट खेळ ठेवा, तिकिटाचे पैसे नाहीत, विषय संपला.

दिवाळीची तीनपत्ती. हो, यावरही कमेंट आहे. “खरे पैसे नाहीत ताई, चिप्स आहेत.” चिप्स कशा मिळतात? दारात २० डॉलर देऊन. आणि शेवटी सगळ्यात जास्त चिप्सवाल्याला आयपॅड. मग वरचं सगळं पुन्हा ऐका, मी परत सांगणार नाही. कॅसिनो नाइटला काही राज्यांत स्वतंत्र लायसन्स असतं, मिशिगनमध्ये त्याला मिलियनेअर पार्टी म्हणतात आणि ते गेमिंग कंट्रोल बोर्डाकडे आहे. घरी मित्र-मैत्रिणींत खेळता तो वेगळा विषय.

आता बक्षीस मोठं असेल तर. कुणीतरी उत्साहाने ट्रिप स्पॉन्सर करतं, ७,००० डॉलरची. तिकीट २० डॉलरचं. बक्षिसाच्या किमतीतून तिकीट वजा केलं की ६,९८० राहिले. ही रक्कम ५,००० च्या वर गेली की २४ टक्के फेडरल विदहोल्डिंग (बक्षीस देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स), म्हणजे १,६७५ डॉलर २० सेंट. रोख बक्षीस असतं तर त्यातून कापून घेतले असते. ट्रिपमधून काय कापणार? म्हणून विजेत्याकडून आधी तेवढे पैसे घ्यायचे आणि मग पाकीट द्यायचं. स्टेजवर टाळ्या वाजतायत, फोटोग्राफर म्हणतोय इकडे बघा, आणि खजिनदार कानात सांगतेय, “काकू, चेकबुक आणलंय का?” हे तिकिटाच्या मागे आधी छापा. मंडळाने विजेत्यातर्फे टॅक्स भरायचा ठरवला तर २४ टक्क्यांवर भागत नाही, ३१.५८ टक्के लागतात, कारण तो भरलेला टॅक्सही बक्षिसातच धरतात. मी तर सांगेन, ५,००० च्या आतलं बक्षीस ठेवा. मंडळाच्या रॅफलला त्याहून मोठं हवंय कशाला?

हिशोबाचं एवढंच. तुम्ही फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेचं आयआरएसला द्यायचं वार्षिक विवरण, भरत असाल आणि अशा खेळांची वर्षाची एकूण जमा १५,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याला शेड्यूल जी ही पुरवणी लागते. एकूण जमा म्हणजे बक्षिसांचा खर्च वजा करायच्या आधीची. बऱ्याच राज्यांत कार्यक्रम झाल्यावर राज्याला किंवा गावाला रिपोर्ट द्यायचा असतो, तो विसरलात तर पुढच्या वर्षीचं लायसन्स अडू शकतं. उरलेली तिकिटं आणि फाडलेले तुकडे रबरबँड लावून खोक्यात ठेवा, नव्या कमिटीकडे ते खोकंसुद्धा सोपवा.

प्रश्न विचारताना राज्य, गाव आणि खेळ कुठला ते लिहा. नुसतं “आमच्याकडे चालतं का” याला मी काय उत्तर देऊ? आणि मंडळाचा ईआयएन (टॅक्सचा नंबर), चेकचे फोटो कमेंटमध्ये टाकू नका. मागच्या वेळी दोघांनी टाकले होते, मी उडवले. न्यू जर्सीचा अर्ज ओळीने कसा भरायचा हे बऱ्याच जणांनी मागितलंय, तो व्हिडिओ पुढच्या आठवड्यात.