संत्र्याचा रंग: मुलांचं चित्रपुस्तक कसं घडतं

(दृश्य: नागपूरचा कळमना बाजार, डिसेंबरची सकाळ)

आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या संत्र्यांचे ढीग लागलेत. एक संत्रं हातात घेऊन बघा. वर-खाली किंचित चपटं, साल सैल, आणि पिकलं तरी कुठेतरी हिरवट झाक. चित्रकारानं केशरी चेंडू काढला, तर थंडीभर संत्री सोलणारं नागपूरचं मूल चूक लगेच ओळखतं. म्हणून स्केचबुक आधी इथे उघडायचं.

(दृश्य: टेबल, दुमडलेले कागद)

गोष्ट आणि चित्रं एकाच हातची असोत वा दोघांची, सुरुवात डमीपासून, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्यापासून. ए-फोरचे आठ कागद दुमडून एकात एक घातले की ३२ पानं होतात. छापखान्यात सोळा पानांचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं) चालतो, म्हणून ३२. शीर्षकाची पानं सोडून गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या तेरा-चौदा जोड्या मिळतात. पान उलटल्यावर काय दिसणार, ते इथेच ठरतं. ‘लाल फ्रॉकमधली मिनी पळाली’ असं लिहू नये. फ्रॉक चित्रात आहे, ‘मिनी पळाली’ पुरे. मजकुरावर सगळ्यात जास्त कात्री इथे चालते, आणि चालू द्यावी.

चेहरा मधल्या घडीवर आला, तर नाक शिलाईत जातं. कडेला रंग ३ मिलिमीटर जास्तीचा हवा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ उरते.

डमी पसंत पडली की रंगांआधी करार. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्रांबद्दल करारात काही लिहिलं नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यांचा पहिला मालक प्रकाशक ठरू शकतो. एकरकमी मानधन की रॉयल्टी, अनुवादाचे हक्क कोणाचे, मूळ चित्रं परत कधी, हे सगळं कागदावर हवं. ओळखीपाळखीत हेच राहून जातं, आणि नुकसान चित्रकाराचं होतं.

(दृश्य: मे महिना, ओला कागद)

नागपूरच्या उन्हाळ्यात जलरंगाचा हात पसरण्याआधीच वाळतो आणि मध्येच कडा उमटते. ३०० जीएसएमचा जाड कागद फळीला टेपनं चिकटवून, दोनदा ओला करून, पहाटेच मोठं आकाश उरकावं. पंखा बंद.

अक्षरं चित्रावर हातानं लिहू नयेत. मजकूर वेगळा, नुसत्या काळ्यात ठेवला, की मात्रा-वेलांट्या स्वच्छ उठतात, आणि हिंदी आवृत्तीला छपाईची फक्त काळ्या रंगाची प्लेट बदलावी लागते.

(दृश्य: छापखाना, प्रूफ म्हणजे तपासणीची नमुना छपाई)

खरी अडचण केशरीची. छपाईत तो पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिळून होतो. स्कॅनमधून त्यात निळा शिरला, की संत्रं मळकट तपकिरी दिसतं. स्क्रीनवर ते कळत नाही. त्या भागातला निळा जवळजवळ शून्यावर आणायचा, प्रूफ छपाईच्याच कागदावर मागायचं आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात बघायचं. हंगाम असेल तर शेजारी खरं संत्रं ठेवून.