सरासरीच्या खाली कोण आहे?

नमस्कार श्रोतेहो! आज बोलायचं आहे ते अंगणवाडीच्या ताई, आशाताई, बचतगटाच्या कार्यकर्त्या, गावात काम करणारी संस्थांची मुलं-मुली, अशा सगळ्यांशी. महिन्याच्या शेवटी आकडे तुम्हीच भरता, म्हणून.

समजा, पाणलोटाचं काम झालेल्या गावात पाच शेतकऱ्यांना एकरी कापूस झाला 3, 4, 4, 5 आणि 14 क्विंटल. चौदावाल्याकडे विहीर आहे, ठिबक आहे. सरासरी निघते 6. अहवालात 6 वाचून गाव सुधारलेलं दिसतं, पण पाचातल्या चौघांच्या घरी 6 क्विंटल आलाच नाही. आता आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधला बघा: 4. हा मध्यक. उत्पन्न, जमीन, कर्ज, जिथं एखादाच मोठा आकडा सरासरी वर ओढतो, तिथं आधी मध्यक विचारा. सोबत सगळ्यांत कमी किती आणि सगळ्यांत जास्त किती, तेही लिहा.

यापेक्षा मोठा घोटाळा टक्केवारीत होतो. मेळघाटाचंच बघा. धारणी-चिखलदऱ्याची कितीतरी कुटुंबं पावसाळा सरला की मजुरीसाठी बाहेर पडतात, लेकरं सोबत जातात. समजा, पावसाळ्यात 100 मुलांचं वजन झालं, त्यात 20 कुपोषित. हिवाळ्यात 40 मुलांचं झालं, त्यात 10. कुपोषण निम्म्यावर आलं म्हणायचं? शंभरात 20 म्हणजे 20 टक्के, चाळिसात 10 म्हणजे 25 टक्के. आणि वजनच न झालेली 60 लेकरं कुठं आहेत, कशी आहेत? मला तर याच प्रश्नाची सगळ्यांत जास्त काळजी वाटते. होळीला कोरकू कुटुंबं गावी परततात, तेव्हा वजनकाटा आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी तयार ठेवा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या ज्या लेकराच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरेल, त्याला लगेच उपचार हवेत, मग गावाची सरासरी कितीही चांगली असो.

शेवटचं, बालमृत्यू दराबद्दल. गावात वर्षाला 25 जन्म झाले, एक बाळ दगावलं: दर हजारी 40. पुढच्या वर्षी तेवढ्याच जन्मांत दोन दगावली: दर 80. दर दुप्पट झाला म्हणून आशाताईला बैठकीत जाब विचारू नका. इतक्या थोड्या जन्मांत दर असाच वरखाली होतो. आजूबाजूच्या गावांचे तीन-चार वर्षांचे जन्म आणि मृत्यू एकत्र घेऊन तो काढा. त्या दोन बाळांच्या घरी मात्र नक्की जा. जन्मताना वजन किती होतं, ताप कधी आला, दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली का, हे त्यांच्या आईला विचारा.