धर्माला द्या म्हणजे नेमकं कुणाला?

एक माळवदाचं घर होतं माझ्या आईच्या मावशीचं, लातूर जिल्ह्यातलं. मूलबाळ नव्हतं तिला. ती गेली तेव्हा ट्रंकेत वहीचं एक पान निघालं, माझ्यामागं घर आन बँकेतले पैसे धर्माला द्यावेत, खाली तिची सही. पण घर गेलं तिच्या दिरांच्या मुलांकडं, आन त्यात त्यांची काही चूक नाही, कायद्यानं तेच होणार होतं.

सगळे म्हणाले, धर्माला असं मोघम लिहिलं म्हणून कागद वाया गेला. मलाही कित्येक वर्षं तेच वाटायचं. एकेकाळी ते खरंही होतं, 1899 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टानं, मुंबईकडच्या एका केसमध्ये सांगितलं की धर्म हा शब्दच मोघम आहे, कोर्ट त्याची अंमलबजावणी कशी करणार, म्हणून असं दान रद्द. आता बघा, आपल्या माणसाला धर्म म्हणजे काय हे विचारावं लागतं का, पाणपोई, अन्नदान, गरीब पोराची फी, दिंडीचं जेवण, सगळं त्यातच आलं. महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानं हे ओळखलं. कलम 10 सांगतं की धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान एवढंच लिहिलं म्हणून ट्रस्ट रद्द होत नाही. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मावशीच आठवली.

मग तिचं अडलं कुठं? साक्षीदार. भारतीय वारसा कायदा 1925, कलम 63, मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत, तिच्या पानावर एकही नव्हती. स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशनही सक्तीचं नाही (केलेलं बरं), पण साक्षीदार लागतातच. बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून निश्चिंत राहू नका, नॉमिनी काही मालक होत नसतो.

आन मृत्युपत्र राबवणारा माणूस, म्हणजे एक्झिक्युटर, त्यात नावानिशी लिहा. कारण मृत्युपत्रातून नवीन ट्रस्ट होणार असेल तर त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 29 प्रमाणं त्यानंच धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणीचा अर्ज करायचा असतो, मृत्यूपासून 6 महिन्यांत किंवा प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) मिळाल्यापासून 1 महिन्यात, जे आधी येईल ते. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध करता करता हे 6 महिने कधी जातात कळत नाही. आधीच नोंदलेल्या संस्थेला दिलं तर संस्थेनं 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडं चेंज रिपोर्ट, म्हणजे झालेल्या बदलाची माहिती, द्यायचा.

मुस्लिम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्रानं एक तृतीयांशच देता येतं. ख्रिश्चनांना जवळचे नातेवाईक असले तर धर्मादायाला देण्यासाठी मृत्यूच्या किमान 12 महिने आधी मृत्युपत्र करावं लागायचं, ते वारसा कायद्याचं कलम 118 सुप्रीम कोर्टानं 2003 मध्ये रद्द केलं, बरं झालं.

शेतीचं मात्र किचकट आहे. इनामी, खिदमतमाश (देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली), वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय देता न येणारी) जमीन असली तर गाडं अडतं. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातच्या केसमध्ये सांगितलं की कूळकायद्यानं बिगरशेतकऱ्याला देता न येणारी जमीन मृत्युपत्रानंही देता येत नाही. मराठवाड्याला हैदराबादचा वेगळा कूळकायदा, म्हणून सातबारा आधी वकिलाला दाखवा.

मागच्या दिवाळीत आईनं स्वतःचं मृत्युपत्र केलं. साक्षीला शाळेतले दोन सर, एक्झिक्युटर मी, आन गावच्या वाचनालयाच्या नावापुढं तिनं स्वतःच्या हातानं संस्थेचा नोंदणी नंबर लिहिला, दोनदा तपासून.