बाटली उन्हात राहिली का?

श्रोतेहो, नमस्कार. आज स्वस्त रेड वाइनबद्दल बोलायचं आहे. ५०० ते ७०० रुपयांची, आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या मळ्यातली, चौकातल्या दुकानात मिळणारी. ती चांगली की वाईट, हे घरी कसं ठरवायचं? कायद्याने वय झालेल्या आणि घेणाऱ्या मंडळींसाठी हे आहे. पण न घेणाऱ्यांनीही ऐका, कारण मला भेटलेला सगळ्यात तयार परीक्षक वाइनचा थेंबही घेत नाही.

एक गोष्ट आधी सांगते, पुढे पुन्हा सांगेन. ऊन. रेड वाइनची परीक्षा करायची तर आधी तिच्यावरून ऊन गेलंय का ते बघायचं. आणि चाखताना ती गार हवी. सोळा ते अठरा अंश. पुस्तकात लिहिलेलं असतं की रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. ती खोली युरोपातली, श्रोतेहो. एप्रिलमध्ये नाशिकच्या खोलीत तीस-बत्तीस अंश असतात. त्या गरमीत अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी काही कळत नाही. म्हणून उघडण्याआधी साधारण दीड तास बाटली फ्रिजमध्ये ठेवा. दीड तास, फार नाही.

आता मामांची गोष्ट. माझे मामा मखमलाबादचे, जुने द्राक्ष बागायतदार. माळकरी. दारू सोडा, कांदासुद्धा एकादशीला घरात येत नाही. आमच्या गच्चीवर एका संध्याकाळी मैत्रिणी आणि त्यांचे यजमान जमले होते. चार बाटल्या आणल्या होत्या, सगळ्या स्वस्तातल्या. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, रबर लावले, पेनने आकडे घातले. लेबल दिसलं की जीभ लेबलाचं ऐकते, म्हणून. आणि त्यात एक डाव होता. एक नंबर आणि तीन नंबर ही एकच वाइन होती. तीच कंपनी, तीच शिराझ म्हणजे त्याच जातीच्या काळ्या द्राक्षाची, तेच साल. फक्त दोन वेगळ्या दुकानांतून घेतलेली. वाइनच्या स्पर्धांतही एकच वाइन दोनदा ठेवून परीक्षकांची परीक्षा घेतात, ते मला करून बघायचं होतं.

मंडळींनी घोट घेतले. तीन नंबरला सगळ्यात जास्त गुण पडले. "गोडसर आहे, भारदस्त आहे," असं सगळे म्हणाले. एक नंबरला कोणी फारसं विचारलं नाही.

तेवढ्यात मामा आले. हातात द्राक्षांची पेटी, शेवटच्या तोडीची. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणाले, "मामा, पिऊ नका, नुसता वास घेऊन सांगा." ते आधी नको म्हणाले. मग म्हणाले, "वास घ्यायला विठोबाची ना नाही."

एक नंबरचा ग्लास नाकाशी धरला. "मिरी. काळी मिरी कुटल्यासारखी." बरोबर! शिराझमध्ये मिरीचा वास येतो, तो तिच्या सालीतूनच येतो. दोन नंबर हुंगला, काही बोलले नाहीत. तीन नंबर धरला आणि बराच वेळ खाली ठेवेनात. परत एक नंबर घेतला. परत तीन. सगळी गच्ची गप्प. मग म्हणाले, "हा माल एकच आहे गं. पण याचा बेदाणा झालाय. ही बाटली उन्हात राहिली."

मी कागद काढले. मंडळी बघतच राहिली. एक नंबर मी आतल्या, अंधाऱ्या दुकानातून घेतली होती. तीन नंबरचं दुकान पश्चिमेला तोंड करून, बाटल्या काचेत ओळीने उभ्या, दुपारभर त्यांच्यावर ऊन.

मामांना हे कळलं कसं? भाव पडले की ते उरलेल्या मालाचा बेदाणा करतात. शेडमध्ये जाळीवर, सावलीत वाळवला तर बेदाणा हिरवट राहतो. ऊन लागलं की तांबूस पडतो आणि त्याला गुळमट, शिजल्यासारखा वास येतो. तापलेल्या वाइनला हाच वास येतो. ताज्या फळाचा वास जातो, मनुकांचा येतो. आमच्या मंडळींना तेच भारदस्त वाटलं होतं. मामांनी आयुष्यभर त्या वासाला घाबरून माल सांभाळला आहे.

म्हणून पुन्हा सांगते, ऊन. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं, विंचूरला वाइन पार्क झाला, आपण चांगली वाइन करायला शिकलो. ठेवायला मात्र अजून शिकलेलो नाही. दुकानात काचेतली बाटली घेऊ नका, आतली मागा. बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तर परत करा. फिरकीचं झाकण असलं म्हणून वाइन हलकी ठरत नाही, उलट बुचाची बुरशी लागून ओल्या पुठ्ठ्याचा वास येण्याची भीती जवळजवळ नाही. लेबलावरचं साल बघा. स्वस्त रेड ताजीच प्यायची असते, दोन-तीन वर्षांत. भेट आलेली बाटली शोकेसमध्ये वर्षानुवर्षं मिरवणारी घरं मला माहीत आहेत, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आता चाखणं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला तपकिरी झाक असेल तर वाइन म्हातारी किंवा तापलेली. मग वास: फळ, मिरी, की व्हिनेगर? मग घोट तोंडात फिरवा. हिरड्यांना कोरडं करणारा तुरटपणा, कोऱ्या चहासारखा, तो सालीतून आणि बियांतून येतो. तो हवा, पण त्याने आंबटपणा आणि फळ झाकायला नको. वाइनच्या द्राक्षांना बिया असतात, बरं का. आपल्या पोरांना आता द्राक्षात बी असते हेच ठाऊक नाही. सगळं सीडलेस. बियांची द्राक्षं चावून खायची मजा बाजारातून गेली, आणि ती कुणी परत आणली तर मी दुप्पट भाव देईन. असो. गिळल्यावर चव थोडा वेळ राहिली, आणि दुसरा घोट घ्यावासा वाटला, तर ५०० रुपयांत ती वाइन उत्तम.

सोबत मिसळ नको. तिखट आणि तुरट एकमेकांना पेटवतात. वांग्याचं भरीत किंवा कमी तिखटाचं मटण ठेवा. बाटली उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा. त्यानंतर मटणाच्या रश्श्यात घाला, तिथे ती झकास लागते. नमस्कार.